लि

सावद्याला, स्टेशनरोडवरच्या फळविक्री सोसायटीत
रात्री नऊनंतर कॉम्प्युटर आमचा असायचा.
दिवसा त्यात केळीच्या वॅगनी:
घड, वजन, हमाली, दिल्लीचा भाव.
किल्ली धनराज नेहेतेकडे. त्याचे वडील तिथले वॉचमन,
"मी काही पाह्यलं नाही" एवढं बोलून
ते बाहेर खाटेवर कूस बदलायचे.

सीडी आली पुण्याहून,
मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात, हिरव्या झेंडीच्या घडीतून.
गार्डमामा म्हणाला, "गाणे हायेत का रे याच्यात?"
"नाही मामा," धनराज म्हणाला, "इंजिन हाय."

आधी वाटण्या.
तलाठ्यासारखी मांडी घालून धनराज
वहीत डिस्कचा सातबारा काढायचा:
एवढं विंडोजला, एवढं आपल्याला,
स्वॅपला रॅमच्या दुप्पट.
दुप्पटच का, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं,
पण थोरल्याचा वाटा विचारायचा नसतो.

मग तो प्रश्न यायचा.
मॉनिटरची आडवी फ्रिक्वेन्सी किती? उभी किती?
चुकलं तर मॉनिटर जळतो, असं कुणीतरी छापून ठेवलेलं.
"जयी जाईन ना भो," धनराज हात मागे घ्यायचा,
"सोसायटीचा हाय, आपल्या बापाचा नाही."
माळ्यावरच्या खोक्यात, वाळवीने अर्धवट सोडलेल्या
माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर सापडलं:
एकतीस पॉइंट पाच ते अठ्ठेचाळीस पॉइंट पाच.
धनराजने ते मोठ्याने वाचलं. चारदा.
बहिणीच्या लग्नाची तारीख मला आज आठवत नाही.

मे महिना. रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
कॅबिनेटचं झाकण काढलेलं, टेबलफॅन त्याच्याकडे,
आम्ही त्याच्या उष्ट्या वाऱ्यात.
कळण्याची भाकरी, ठेचा, आणि त्याच बोटांनी एंटर.
बाराला लाइट जायची, त्र्याऐंशी टक्क्यांवर.
दोनला यायची.
भाषा निवडा. कीबोर्ड निवडा.

आणि एवढं करून, रीबूट केल्यावर
काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात दोनच अक्षरं.
एल. आय.
लिलो अर्ध्यातच थांबलेला.
"लि," धनराज वाचायचा. "लि काय? लिही? लिंबू? लिलाव?"
आम्ही हसायचो, मग हसायचो नाही.
फाटकापलीकडून रिकाम्या वॅगनी लागल्याचा आवाज यायचा,
एकीचा धक्का दुसरीला, दुसरीचा तिसरीला,
लांबवर.

एकदा हिस्सा चुकला.
तीन महिन्यांच्या वॅगनी पुसल्या गेल्या.
नेहेते काका खाटेवरून उठून आत आले,
ओरडले नाहीत. कपाट उघडलं,
पावत्यांच्या गठ्ठ्याची सुतळी दातांनी सोडली
आणि वाचायला लागले.
"निंभोरा. चारशे बारा घड. पुढं."
धनराज टाइप करायचा, मी खुणा करायचो.
तीन रात्री.
काका इतकं भरभर वाचतात, हे धनराजलाही तेव्हाच कळलं.

शेवटी एका पहाटे करडी जाळी उमटली
आणि तिच्या मधोमध एक काळी फुली.
माउस हलवला, फुली हलली.
मॉनिटर जळला नाही.
काकांनी दारातून पाहिलं. "एवढ्यासाठी?
एका फुलीसाठी?"

परवा दिवाळीत लॅपटॉप घेऊन धनराजकडे गेलो.
तो आता इन्व्हर्टर दुरुस्त करतो, चष्मा कपाळावर.
त्याच्यासमोर सगळं नव्याने टाकलं, नऊ मिनिटांत.
वायफाय सापडलं, आवाज सापडला,
पडद्यावर कुठलासा बर्फाचा डोंगर.
"याने काही विचारलंच नाही भो," धनराज म्हणाला.
"मॉनिटरचं बी नाही."
थोडा वेळ दोघंही बघत राहिलो,
अजून काहीतरी यायचं असल्यासारखे.

"एकतीस पॉइंट पाच," मी उगाच म्हणालो.

"ते अठ्ठेचाळीस पॉइंट पाच,"
आतल्या खोलीतून,
खाटेवरून, काकांचा आवाज आला.